तुळजापूर येथील वाहनतळ आणि यात्रा-सुरक्षा

तुळजापूर येथील वाहनतळ आणि यात्रा-सुरक्षा हा महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर या तीर्थक्षेत्राच्या स्थानिक कारभारातील एक जुना व वारंवार चर्चेला येणारा विषय आहे. श्री तुळजाभवानीच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांची वाहने कोठे थांबवावीत, तेथून मंदिरापर्यंतचा पायी मार्ग कसा असावा, आणि गर्दीच्या दिवशी रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन गावठाणात कसे शिरू शकेल, हे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३४ हजार लोकवस्ती असलेल्या या शहरात शारदीय नवरात्र व अश्विन पौर्णिमेच्या काळात लाखो भाविक येतात. लोकसंख्येच्या आधारावर बेतलेली नगरपरिषदेची साधने आणि यात्रेच्या आधारावर वाढणारी गरज यांतील ही तफावत या विषयाच्या मुळाशी आहे.

== संज्ञा ==

मराठीत ‘तळ’ हा शब्द मुक्काम या अर्थाने जुना आहे. सैन्याचा तळ पडत असे, यात्रेकरूंच्या बैलगाड्या गावाबाहेर ‘गाडीतळा’वर सुटत. ‘वाहनतळ’ हा त्याच परंपरेतील शब्द होय. बोलण्यात मात्र ‘पार्किंग’ हाच शब्द रूढ असून नगरपरिषदेच्या फलकांवरही तोच अधिक दिसतो. जुन्या शब्दाची खूण कायद्यात टिकून आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम १२४मध्ये पंचायतीला बसवता येणाऱ्या करांत व फीमध्ये गाडीतळ व टांगातळ यांवरील फी समाविष्ट आहे.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

तुळजापूर बालाघाट डोंगररांगेत वसले आहे. सोलापूरकडून येणारा रस्ता घाट चढून शहरात येतो. सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर, तर धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण वीस-बावीस किलोमीटर अंतरावर आहे. मंदिर शहराच्या सर्वसाधारण पातळीपेक्षा खाली, यमुनाचल डोंगराच्या उतारावर आहे. महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थ व गोमुख तीर्थापाशी आणि पुढे निंबाळकर दरवाजातून मंदिराच्या प्रांगणात जावे लागते. म्हणजे येणारी गर्दी उतरते आणि परतणारी गर्दी चढते. गर्दीच्या व्यवस्थापनात ही रचना सर्वांत जोखमीची मानली जाते, कारण उतारावर मागून येणाऱ्याला पुढचा थांबल्याचे दिसत नाही आणि त्याला स्वतःला थांबताही येत नाही.

महाद्वारासमोरचे जुने गावठाण पेठा, वाडे व अरुंद गल्ल्यांचे आहे. वाहनांचा प्रश्न केवळ रस्त्यांच्या रुंदीचा नाही, हे येथील यात्रेची पद्धत पाहिल्यावर ध्यानी येते. तुळजापूरला येणाऱ्या बहुतेक कुळांचा पिढीजात पुजारी ठरलेला असतो. भाविक त्याच्या घरी उतरतात, तेथेच स्वयंपाक होऊन देवीला नैवेद्य जातो, कुळाचार पार पडतो. पूर्वी गाडी गावाबाहेर सोडून गाठोडी डोक्यावर घेऊन येणारे कुटुंब आता स्वतःच्या मोटारीने येते आणि ती मोटार थेट पुजाऱ्याच्या दारापर्यंत नेऊ पाहते. त्यात म्हाताऱ्या आई-वडिलांना चालवत नाही हे खरे कारण असते आणि सामानाचेही असते. त्यामुळे ‘वाहने गावाबाहेर थांबवा’ हा सोपा वाटणारा उपाय येथे पाहुणचाराच्या जुन्या रीतीशी जाऊन भिडतो.

== वर्षभरातील गर्दी ==

मंगळवार, शुक्रवार, रविवार व पौर्णिमा हे नेहमीच्या गर्दीचे दिवस होत. मोठी यात्रा अश्विन महिन्यात भरते. घटस्थापनेपासून सुरू होणारे नवरात्र, दसऱ्याच्या पहाटेचे सीमोल्लंघन, त्यानंतरची देवीची श्रमनिद्रा आणि अश्विन (कोजागरी) पौर्णिमा असा तिचा क्रम आहे. पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र असते. भाविक मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशातूनही मोठ्या संख्येने येतात.

सुरक्षेच्या दृष्टीने या गर्दीचे दोन प्रवाह वेगळे नोंदवावे लागतात. पहिला ज्योत नेणाऱ्या तरुणांचा. नवरात्राच्या आधी गावोगावची मंडळे तुळजापुरात येऊन ज्योत पेटवतात आणि ती पळत आपल्या गावी नेतात. पळणाऱ्यांच्या मागे टेम्पो किंवा मोटारसायकली असतात, बराचसा प्रवास रात्री होतो, आणि रस्ता राष्ट्रीय महामार्ग असतो. दुसरा प्रवाह कोजागरीच्या पायी यात्रेकरूंचा. या वेळी सोलापूर–तुळजापूर रस्ता रात्रंदिवस माणसांनी भरून वाहतो. त्या काळात या मार्गावरील जड वाहतूक अन्य रस्त्यांनी वळवण्याचा आदेश दरवर्षी काढला जातो. सोलापूर–येडशी मार्गाचे चौपदरीकरण झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला, त्यामुळे पायी चालणाऱ्यांसाठी हा आदेश पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

शहरात पोहोचल्यावरही सर्वच जण चालत जात नाहीत. नवस फेडणारे काही भाविक रस्त्यावरून लोटांगण किंवा दंडवत घालत मंदिराकडे जातात. जमिनीवर आडवे झालेले माणूस चालकाच्या नजरेच्या टप्प्याखाली असते. मंदिराच्या वाटेवर दुचाकीसुद्धा नको, या मागणीमागे हे एक ठोस कारण आहे, आणि चर्चेत ते फारच कमी वेळा मांडले जाते.

== अधिकारांची विभागणी ==

वाहनतळाचा निर्णय कोणी घ्यावयाचा, याचे उत्तर एका कायद्यात नाही. भारतीय राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सतराव्या क्रमांकावर सार्वजनिक सोयींचा उल्लेख असून त्यात पथदिवे, बसथांबे यांच्या जोडीने वाहनतळ स्पष्टपणे नमूद आहेत. तुळजापूर नगरपरिषद महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये कार्य करते. जागा राखणे, सपाटीकरण, दिवे, पाणी, स्वच्छतागृहे, शुल्काचा ठेका ही कामे तिच्या कक्षेत येतात.

परंतु रस्त्यावर कोणते वाहन कोठे उभे राहील, हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ने राज्य शासनाला व त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. कलम ११७नुसार वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित करताना स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावयाचा असतो. कलम ११५ सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी वाहनांवर बंदी वा निर्बंध घालण्याची मुभा देते. असा निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ चालणार असेल तर तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो. त्याहून अल्प मुदतीचा असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. नवरात्रापुरते आदेश झटपट निघतात आणि वर्षभराची कायम व्यवस्था मात्र रेंगाळते, याचा काही भाग या तरतुदीने उलगडतो. धोकादायक रीतीने उभे केलेले वाहन (कलम १२२) आणि ते हलवणे (कलम १२७) हा पोलिसांचा विषय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३३मध्येही रहदारीच्या नियमनासाठी नियम करण्याची तरतूद आहे.

तिसरा घटक मंदिर संस्थानाचा. निजामाच्या राजवटीत १९०९ साली झालेल्या ‘देऊल-ए-कवायत’ या नियमावलीचा वारसा सांगणाऱ्या या संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. नगराध्यक्ष व स्थानिक आमदार विश्वस्तांमध्ये असतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५खालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात आणि त्या कायद्याच्या कलम ३४ने आपत्तीग्रस्त अथवा आपत्तिप्रवण क्षेत्रातील वाहतूक नियंत्रित करण्याचे अधिकार त्या प्राधिकरणाला मिळतात. परिणामी जागा नगरपरिषदेची, शिटी पोलिसांची, रांग संस्थानाची, रस्ता कधी नगरपरिषदेचा तर कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा, आणि ज्यांच्या सहीने हे सर्व एकत्र येते ते जिल्हाधिकारी, अशी ही मांडणी आहे.

== नगरपरिषदेतील चर्चा ==

एखादी सूचना विषयपत्रिकेवर येणे, सर्वसाधारण सभेत तिच्यावर चर्चा होणे, सूचक-अनुमोदकासह ठराव होणे, तो इतिवृत्तात नोंदवला जाणे आणि मुख्याधिकाऱ्यांनी त्याची अंमलबजावणी करणे, ही नगरपरिषदेची रीत होय. सार्वजनिक सुरक्षिततेस बाधक ठराव स्थगित करण्याचा अधिकार १९६५च्या अधिनियमाच्या कलम ३०८ने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. यात्रेशी संबंधित विषय मात्र बहुधा सभागृहाऐवजी नवरात्रापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या आढावा बैठकीत निकाली निघतात. त्या बैठकीत पोलीस, एस.टी. महामंडळ, आरोग्य, महावितरण, सार्वजनिक बांधकाम, नगरपरिषद व संस्थान यांचे अधिकारी असतात. ती बैठक उपयुक्त असते, यात शंका नाही. पण तिचा विषय येणारी यात्रा हा असतो. उरलेल्या वर्षाचे काय, हा प्रश्न सभागृहाचाच आहे.

हे सभागृह दीर्घकाळ अस्तित्वात नव्हते. २०१६च्या अखेरीस निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१च्या अखेरीस संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने राज्यभरातील नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. डिसेंबर २०२५मध्ये निवडणुका होईपर्यंत सुमारे चार वर्षे सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. या काळात निर्णय झाले नाहीत असे नाही. ते चर्चेविना झाले. गल्लीतील रहिवाशाने आपल्या प्रभागाच्या सदस्याकडे तक्रार करावी आणि त्याने ती सभेत मांडावी, ही वाट त्या चार वर्षांत बंद होती.

== वादाचे मुद्दे ==

पहिला मुद्दा अंतराचा. वाहनतळ मंदिराजवळ असेल तर गर्दी आणि वाहने एकाच जागी येतात. दूर असेल तर वृद्ध, दिव्यांग आणि लहान मुलांसह येणाऱ्या स्त्रियांची परवड होते. दूरच्या तळापासून ठरावीक दराची वाहनसेवा, वाटेत सावली व पाणी आणि दिव्यांगांसाठी मंदिराजवळ राखीव जागा या तिन्ही गोष्टी असतील तरच दूरचा तळ वापरला जातो. अन्यथा तो मोकळा राहतो आणि गल्ल्या भरतात. तळ उभारला म्हणजे प्रश्न सुटला, असे गृहीत धरणाऱ्या योजना अनेक तीर्थक्षेत्रांत याच ठिकाणी अडखळल्या आहेत.

दुसरा मुद्दा बाजारपेठेचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. महाद्वारासमोरील हळदी-कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा, बांगड्या, नारळ-ओटी व प्रसादाची दुकाने भाविकांच्या पायी वर्दळीवर जगतात. घाटशीळ बाजूचा वाहनतळ आणि त्या बाजूने जाणारा दर्शनमार्ग गर्दीच्या नियोजनासाठी सोयीचा असला, तरी त्यामुळे भाविक जुन्या पेठेत न येताच परततील, अशी भीती व्यापारी व पुजारी व्यक्त करत आले आहेत. ही भीती निराधार म्हणता येत नाही. वाहनतळाची जागा बदलली की माणसांची वाट बदलते आणि वाट बदलली की चूल बदलते. दुसरीकडे, त्याच पेठेत दुकानांपुढे वाढवलेले ओटे, ताडपत्र्या आणि हातगाड्या मुळातच अरुंद रस्ता आणखी आवळतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ने विक्रेत्यांना संरक्षण दिले आहे आणि त्यांच्यासाठी नगर पथविक्रेता समितीमार्फत क्षेत्रे ठरवून देण्याचे बंधनही घातले आहे. हे काम वाहनतळाच्या नियोजनापासून वेगळे काढता येत नाही.

तिसरा मुद्दा शुल्काचा. नगरपरिषदेला कायद्याने यात्राकराचा पर्याय आहे आणि वाहनतळाचे शुल्कही आकारता येते. शुल्कवसुली ठेक्याने दिली जाते तेव्हा पावती, दरफलक आणि सुविधा यांबाबत तक्रारी उद्भवतात. खासगी मोकळ्या जागांचे मालक यात्रेत स्वतःचे तळ चालवतात. ती शहराला मदतच होते, मात्र तेथे दर, दिवे आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट यांची तपासणी होणे आवश्यक असते.

== सुरक्षेचे प्रश्न ==

महाराष्ट्रात यात्रा-सुरक्षेचा विचार २५ जानेवारी २००५च्या मांढरदेवी दुर्घटनेनंतर बदलला. सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात काळूबाईच्या यात्रेत, शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी, चेंगराचेंगरी व आगीत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद चढणीची वाट, दोन्ही बाजूंची दुकाने आणि त्यांतील गॅस सिलिंडर ही कारणे पुढे आली. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा बळी गेला होता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४मध्ये गर्दी-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

मांढरदेवीच्या कारणांची यादी तुळजापूरशी ताडून पाहिली तर साम्य अस्वस्थ करते. येथेही पायऱ्या आहेत, दुतर्फा दुकाने आहेत, पालखीच्या वेळी उधळलेल्या कुंकवाने फरशी घसरडी होते आणि आराध्यांच्या व गोंधळ्यांच्या हाती पेटते पोत असतात. पोत ही परंपरा आहे आणि तिला येथे स्थान आहेच. म्हणूनच पोत घेऊन जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट व वेळ, आणि तेलाच्या बुधल्यांना दुकानांपासून दूर जागा, ही व्यवस्था वाहनतळाइतकीच महत्त्वाची ठरते.

वाहनतळाचा सुरक्षेशी थेट संबंध येतो तो आपत्कालीन मार्गात. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींच्या आवारात अग्निशमन वाहन शिरण्यासाठी प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद असावे, असे म्हटले आहे. हे माप घेऊन जुन्या पेठांतून फिरले असता, एका बाजूला लावलेली एक मोटार अख्खी गल्ली अग्निशमन वाहनाला बंद करू शकते, हे दिसून येते. यासाठी लहान आकाराची अग्निशमन वाहने, मोटारसायकलवरील प्रथमोपचार पथके आणि गर्दीच्या दिवशी पूर्णपणे रिकामा ठेवलेला एक मार्ग, असे उपाय सुचवले जातात. गर्दीच्या शास्त्रानुसार एका चौरस मीटरमध्ये चार माणसे उभी राहू शकतात. ती संख्या पाच-सहाच्या पुढे गेली की माणसाचे आपल्या हालचालीवर नियंत्रण राहत नाही. त्यामुळे तळावर येणाऱ्या वाहनांची मोजणी ही गर्दीचा पूर्वअंदाज देणारी पहिली खूण असते, आणि तळ भरल्याची वार्ता महामार्गावरच कळवणे हे मंदिरात रांग अडवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

कोविड साथीच्या काळात २०२०चे नवरात्र भाविकांविना झाले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील धार्मिक स्थळे पुन्हा उघडली तेव्हा दर्शनासाठी संख्येची मर्यादा घालण्यात आली. भाविकांची संख्या वेळेनुसार वाटून देता येते, याचा तो प्रत्यक्ष प्रयोग ठरला.

== जागेचे गणित ==

एका मोटारीसाठी २.५ मीटर × ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ये-जा करण्याची वाट धरता हा आकडा सुमारे २५ चौरस मीटरवर जातो. म्हणजे एक हेक्टर सपाट जमिनीवर जास्तीत जास्त चारशे मोटारी मावतात. एका मोटारीत पाच माणसे धरली तर त्या हेक्टरने एका वेळी दोन हजार भाविकांची सोय केली. एस.टी.च्या एका बसमध्ये चाळीसच्या वर माणसे येतात आणि ती माणसे उतरवून निघून जाते, तिला दिवसभर जागा लागत नाही. पन्नास हजार भाविक मोटारीने यावयाचे तर त्या सर्वांसाठी एकाच वेळी २५ हेक्टर लागतील. डोंगरमाथ्यावरील या शहरात इतकी सपाट जमीन सहज मिळणारी नाही. म्हणून यात्राकाळात बाह्यवळणाच्या कडेला तात्पुरते तळ आणि तेथून बस, हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

डिसेंबर २०२०पासून लागू झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार नव्या इमारतींना स्वतःचे वाहनतळ ठेवणे बंधनकारक आहे. लॉज व मंगल कार्यालये यांना हा नियम लागू होतो. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या तळमजल्यावर वाहनांऐवजी दुकाने दिसतात, ही तक्रार मात्र राज्यातील बहुतेक छोट्या शहरांप्रमाणे येथेही ऐकू येते.

== विकास आराखडा व रेल्वे ==

६ मे २०२५ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिर विकास आराखड्यासाठी १,८६५ कोटी रुपयांना मान्यता देण्यात आली. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९मध्ये झाली. हा मार्ग पूर्ण झाल्यावर रस्त्याने येणाऱ्या वाहनांचा भार काही प्रमाणात हलका होईल, अशी अपेक्षा आहे. रेल्वेने येणाऱ्या भाविकांना स्थानकापासून मंदिरापर्यंत नेण्याची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न तेव्हा नगरपरिषदेच्या विषयपत्रिकेवर येईल.

== जिल्ह्यातील अन्य ठिकाणे ==

कळंब तालुक्यातील येरमाळा येथे येडेश्वरी देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे जाते आणि वाटेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. येरमाळा सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर असल्याने महामार्गाची वाहतूक आणि यात्रा एकमेकांना छेदतात. येथे नगरपरिषदही नाही. लाखांची यात्रा एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत भरते. नळदुर्ग येथे पौष महिन्यातील खंडोबाची यात्रा, तसेच पावसाळ्यात किल्ल्यातील नर-मादी धबधबे पाहण्यासाठी होणारी गर्दी, अशी दोन वेगळी प्रयोजने आहेत. धबधब्यांचा हंगाम तिथीवर नव्हे तर बोरी नदीच्या पाण्यावर ठरतो, त्यामुळे तेथे आगाऊ बंदोबस्त लावणे अवघड जाते.